आज तोडा आहे

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. मंडईतून आणलेली लालबुंद स्ट्रॉबेरी आंबट का निघते आणि पाचगणीला शेतात उभं राहून खाल्लेली गोड का लागते, या दोन्हींचं उत्तर या एका वाक्यात आहे.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे फळ तोडणं म्हणजे आंबा उतरवणं, आणि आंबा उतरवायचा तो पिकण्याआधी. फळ १४ आणे झालं की बाबा झेला, म्हणजे फळ उतरवायची जाळी लावलेली काठी, घेऊन बागेत निघत. सोळा आण्यांतले चौदा आणे, म्हणजे देठाजवळ खळगा पडून दोन्ही खांदे वर आलेले, साल गडद हिरव्यावरून फिकट हिरव्यावर उतरलेली, आत बाठा टणक. देठ थोडा राखून फळ काढायचं, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात. उरलेले दोन आणे अढीत, गवताच्या उबेत पुरे होत. लांब पाठवायचा आंबा त्याहूनही आधी, १२ आण्यांनाच उतरवतात. केळं, चिकू, पपई, सीताफळ, टोमॅटो ही सगळी याच रीतीची फळं. झाडापासून सुटल्यावरही त्यांचं पिकणं चालू राहतं.

द्राक्ष, संत्रं, डाळिंब, अननस आणि स्ट्रॉबेरी यांची रीत निराळी. देठ तुटला त्या क्षणी फळात जेवढी साखर होती तेवढीच राहते. स्ट्रॉबेरीचा रंग नंतरही थोडा चढतो, म्हणून डोळ्यांना ती पिकत असल्यासारखी वाटते, पण गोडी चढत नाही. त्यात हे फळ इतकं नाजूक की पूर्ण पिकलेलं असेल तर रात्रभराच्या टेम्पोच्या प्रवासात खालच्या थराचा लगदा होतो. मग शेतकरी काय करणार? मुंबईला किंवा हैदराबादला जायचा माल तो पाऊण लाल झाला की तोडतो. किती पिकलेलं तोडायचं हे रस्त्याच्या लांबीवर ठरतं. खाणाऱ्याच्या जिभेचा त्यात विचार करायला जागाच उरत नाही.

पूर्ण पिकलेली स्ट्रॉबेरी खायची तर आपणच तिच्याकडे जायला हवं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांना लगेच पटलं. तेरा वर्षांच्या लेकीने आधी नकाशा काढून रस्ता पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "मी येते. पण मला गाडीत बसवून ठेवू नका." नवऱ्याने शनिवारची रात्र पाचगणीत काढायची सोय केली. शेताच्या मालकीणबाईंनी फोनवर बजावूनच ठेवलं होतं, "नऊनंतर आलात तर शेत बगायला मिळंल, तोडा न्हाई." सकाळच्या गारव्यात फळ टणक असतं. ऊन चढलं की फळात उष्णता भरते, ते मऊ पडतं आणि मग बोटांचा नुसता दाब लागला तरी काळवंडतं. म्हणून तोडा उजाडतानाच. तोडा म्हणजे एकदा शेतभर फिरून केलेली तोडणी. पहिला तोडा, दुसरा तोडा, असा हंगाम मोजतात. थंडीत दर दोन-तीन दिवसांनी एक तोडा निघतो.

जानेवारी संपत आलेला. वाई सोडून पसरणी घाट चढताना खाली धोम धरणाचं पाणी दिसलं आणि वर गेल्यावर थंडीने दात वाजू लागले. प्रवासाचं यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. सकाळी सात वाजता आम्ही भिलारच्या अलीकडे, रस्त्यापासून खाली उतरणीवर असलेल्या त्या शेताच्या बांधावर होतो.

लाल मातीचे टप्पे, प्रत्येक टप्प्यावर गादीवाफे, वाफ्यांवर चंदेरी मल्चिंग पेपर, पेपरला ओळीने पाडलेली भोकं आणि त्यांतून वर आलेली वीतभर उंचीची रोपं. पानांच्या कडेला दवाचे थेंब टांगलेले. फळं पानांच्या खाली, कागदावर निजलेली. पूर्वी कागदाच्या जागी भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत अंथरत. काम तेच: फळ मातीला टेकू द्यायचं नाही. मातीला टेकलं की कुजलं.

मालकीणबाई पन्नाशीच्या. डोक्याला स्कार्फ, अंगात पुरुषी स्वेटर, हातात छोटी वेताची टोपली. त्यांनी मुलांना समोर बसवलं आणि एक फळ धरून दाखवलं. "देठ नखानं मोडायचा. फळाला वडायचं न्हाई. फळ वडलं तर त्याच्यासंगं कळ्याबी येत्यात, म्हंजे फुडचं फळ गेलं." मग फळ उलटं करून टोपीखालची बाजू दाखवली. "हितपतूर लाल झालेलंच घ्यायचं. टोपीखाली पांढरं दिसलं तर राहू द्या. परवा तेच दुसऱ्या कुणाला गोड लागंल."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं, आणि मुलगा ते दिवसभर म्हणत राहिला. अर्धवट पिकलेलं फळ दिसलं की तो त्याला हात न लावता सांगायचा, "हे परवाच्या माणसाचं."

मालकीणबाईंनी आम्हाला दोन ओळी नेमून दिल्या. पलीकडच्या ओळींत आदल्या दिवशी फवारणी झाली होती, तिकडे जायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मध्ये सुतळी बांधून ठेवली होती. पाहुण्यांच्या ओळी त्या वेगळ्याच ठेवतात, कारण पाहुणे न धुता तोंडात टाकतात. शेतात नेणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे आधी विचारून घ्यावं असं मला फार वाटतं. फवारणी झाल्यावर किती दिवस फळ खायचं नाही हे औषधाच्या पुडीवर छापलेलं असतं, आणि चांगला शेतकरी ते न कंटाळता सांगतो.

पहिली स्ट्रॉबेरी लेकीने तोडली आणि आजीला दिली. सासूबाईंनी ती हातात घेऊन आधी हुंगली. थंडगार फळ, त्याला येणारा तो वास, आणि चावल्यावर आंबटपणा मागे राहून पुढे आलेली गोडी. "ही ती नव्हेच," असं त्या म्हणाल्या, म्हणजे आपण घरी आणतो ती.

मुलं ओळीत पुढे सरकत गेली तसे प्रश्न निघत गेले. या फळाच्या बिया बाहेर का? खरं तर आपण ज्याला बी म्हणतो तो एकेक दाणा हेच तिचं एकेक फळ. त्याच्या पोटात बी असतं. एका स्ट्रॉबेरीवर असे साधारण २०० दाणे. आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला बुडखा. प्रत्येक दाणा आपल्या खालच्या गराला फुगायचा निरोप देत असतो. जिथे फलन झालं नाही तिथला दाणा पोकळ राहतो, निरोप जात नाही आणि तेवढा भाग आक्रसलेला राहतो. मुलाला एक वाकडंतिकडं, एका बाजूने चेपलेलं फळ सापडलं होतं. त्याने ते मालकीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "माशी एकाच अंगानं बसली आसंल." पुस्तकातलं सगळं स्पष्टीकरण त्या पाच शब्दांत मावलं. माशी म्हणजे मधमाशी. या डोंगरावर मधाची परंपरा जुनी आहे. महाबळेश्वर तालुक्यातलंच मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून पुढे आलं. मध आणि स्ट्रॉबेरी एका डोंगरावर असण्यात दोघांचाही लाभ आहे.

रोपं कुठून येतात, हे लेकीने विचारलं. दरवर्षी परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून, मदर प्लांट येतात. पावसाळ्याच्या तोंडावर ती वाईकडच्या रोपवाटिकांत लावतात, कारण वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, त्यात कोवळं रोप तग धरत नाही. मदर प्लांट जमिनीसरशी लांब तंतू सोडतं, तंतूच्या टोकाला नवं रोप धरतं, ते मातीत टेकवून मुळं फुटू द्यायची. असे तंतू एकापाठोपाठ एक. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही रोपं घाटावर येतात आणि गादीवाफ्यावर लागतात. नोव्हेंबर सरताना पहिली फळं, मग एप्रिलपर्यंत तोडे. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोसा, नाबिला ही जातींची नावं मालकीणबाईंच्या तोंडी अशी होती की घरच्या म्हशींची नावं घ्यावीत. कोणती खोडसाळ, कोणती मायाळू, कोणतीला भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, लवकर धरते. आणि या सगळ्यावर अवकाळीची टांगती तलवार. "येक सर आली की फुलंबी झडली, तोडाबी गेला," त्या म्हणाल्या आणि आभाळाकडे न बघता पुढच्या रोपाकडे वळल्या.

वरच्या टप्प्यावर तोडायला आलेल्या बायका होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचं अर्धं शेत झालं होतं. शेजारच्या वाड्यांमधून त्या अंधारातच चालत आलेल्या. कमरेत वाकून, एका हाताने पानं बाजूला, दुसऱ्याने देठ मोडून फळ ट्रेमध्ये. मोडल्याचा बारीक 'टक्' आवाज येत राहायचा. मी बराच वेळ त्यांच्या हातांकडेच बघत होते. त्या फळ हातात घेता घेताच निवडत होत्या. मोठं, एकसारखं फळ एका ट्रेमध्ये, ते पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत भरून बाजारात जाणार. लहान, मऊ, वाकडं फळ क्रेटमध्ये, ते जॅम आणि सिरपच्या कारखान्याला. एकही फळ दुसऱ्यांदा हाताळलं जात नव्हतं, कारण दुसऱ्यांदा हाताळणं म्हणजे एक डाग जास्त.

लेक त्यांच्यातल्या एकीच्या मागोमाग चालू लागली. तिने विचारलं, "मावशी, एवढ्या पटकन कळतं कसं?" मावशी कामाचा हात न थांबवता म्हणाल्या, "आमी फळाकडं बगतच न्हाई गं. टोपीकडं बगतो. टोपीची पानं वर उलाटली की फळ झालं." मग त्यांनी लेकीला शेजारची ओळ दिली आणि चुकलं की नुसतं "च्" करायच्या. तासाभराने "च्" कमी झाले. लेकीची कमर मात्र भरून आली. तिने उभं राहून पाठ ताणली आणि मावशींना विचारलं, "तुमची नाही दुखत?" मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "राती दुखती."

शेतात तोडायला येणाऱ्या मुलांनी निदान तासभर तरी या बायकांच्या ओळीशेजारी काम करावं असं मला मनापासून वाटतं. टोपली घेऊन दहा फळं तोडली आणि फोटो काढून परत फिरलं, तर मूल एवढंच शिकतं की शेत ही एक छान जागा आहे. शेत छान असतंच. पण दोनशे ग्रॅमच्या पनेटमागे किती वेळा वाकणं आहे, आणि त्या प्रत्येक वाकण्यात एक निवाडा आहे, हे कमरेला कळावं लागतं. तोडणीच्या कामाला आपण अकुशल काम म्हणतो. त्या मावशींच्या हाताला जे कळत होतं ते आम्हा पाच जणांच्या शिक्षणातून मिळालेलं नव्हतं. अकुशल म्हटलं की मजुरी कमी ठेवायला सोपं जातं, यापेक्षा त्या शब्दाला दुसरा आधार मला दिसत नाही.

आणखी एक सांगायचं आहे, दराबद्दल. आपल्या हाताने तोडलेल्या स्ट्रॉबेरीचा दर बाजारापेक्षा जास्त होता, आणि आमच्यानंतर आलेलं एक कुटुंब त्यावरून घासाघीस करत होतं. आम्हीच तोडायची आणि वर पैसेही जास्त द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य नाही. पाहुण्यांसाठी राखलेल्या ओळीचा माल दुसरीकडे जात नाही. फळ पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवलं, की मध्ये पाऊस, पाखरं आणि बुरशी यांचा धोका शेतकऱ्याच्या माथी. शिवाय पाहुणे तुडवतात, कळ्या तोडतात, अर्धं खाऊन टाकतात. या सगळ्याची किंमत त्या दरात धरली, तरी मला तो कमीच वाटला. मालकीणबाईंनी शांतपणे दर तोच ठेवला, आणि वर मुलांच्या हातावर मूठभर तुती ठेवल्या.

या डोंगरावर कोणी कोणी फळं आणि भाज्या तोडल्या असतील, असा विचार माझ्या मनात तिथे सारखा येत होता. महाबळेश्वरचं ठाणं १८२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात वसलं, म्हणून गावाच्या पेठेला माल्कम पेठ हे नाव. त्यानंतर काही वर्षांतच इथे एक तुरुंग झाला. त्यात सातारचे किंवा पुण्याचे कैदी नव्हते, तर चिनी आणि मलायी. इंग्रजांनी शिक्षा देऊन समुद्रापलीकडून आणलेली ही माणसं. त्यांनी या लाल मातीत बागा केल्या, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. उन्हाळ्यात इथे राहायला येणाऱ्या साहेबांच्या टेबलावर त्या भाज्या जात. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. स्ट्रॉबेरीही इंग्रजांच्याच काळात या डोंगरावर आली. पुढे इथल्या शेतकऱ्यांनी तिला आपलंसं केलं. आज देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच पट्ट्यातून येतो, आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण या मातीत परकी भाजी लावून पाहणारे सुरुवातीचे हात कैद्यांचे होते. घरापासून हजारो मैलांवर, न मागितलेल्या थंडीत, दुसऱ्याच्या ताटासाठी शेंगा तोडणारे. त्यांची नावं या डोंगरावर कुठल्या पॉइंटला दिलेली नाहीत. साहेबांची दिलेली आहेत.

घराच्या मागे मालकीणबाईंचा भाजीचा तुकडा होता, घरापुरता. गाजर, वाटाणा, फरसबी, लाल मुळा, मेथी, कडेला कोथिंबीर. "हितलं काय पायजे ते काढा," त्या म्हणाल्या. आत्तापर्यंत बांधावरच्या दगडावर बसलेल्या सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि चपला काढून वाफ्यात उतरल्या.

त्या लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हापासून शेत त्यांच्यापासून सुटलेलं. गॅलरीतल्या कुंड्यांत ओवा आणि गवती चहा, एवढंच. त्यांना वाफ्यात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या बसल्या त्यात वयाचा अवघडपणा दिसला नाही. एक गुडघा टेकून, दुसरा उभा, जसं वर्षानुवर्षं बसत आल्या असाव्यात.

नातू गाजराची पानं धरून ओढत होता. पानं हातात आली, गाजर मातीतच राहिलं. आजींनी त्याचा हात धरून खाली नेला, जिथे पानं गाजराला मिळतात तिथे. "इथे धर. आधी हलव, मग वर." बाजूची माती बोटांनी मोकळी केली. गाजर आलं, मातीसकट, टोकाला बारीक मुळांचे केस. त्याने ते पँटला पुसलं आणि कच्चंच खाल्लं. जमिनीत असलेलं गाजर किती मोठं झालंय हे कसं कळतं, तर खांद्यावरची माती बोटाने सारून बघायची, जाडी कळते, आणि लहान असलं तर माती परत ओढून ठेवायची. हेही आजींनीच दाखवलं. काढलेल्या गाजराची पानं घरी नेऊन ठेवायची असतील तर लगेच मोडावीत, कारण पानं मुळातलं पाणी ओढत राहतात आणि गाजर मऊ पडतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी विकायला पानांसकट जुड्या मांडतात, ते ताजेपणा दिसावा म्हणून.

वाटाण्याच्या वेलीजवळ मला स्ट्रॉबेरीचा विचार पुन्हा आला. तोडल्यावर आंबा पुढे जातो, स्ट्रॉबेरी आहे तिथे थांबते आणि वाटाणा मागे जातो. शेंग तोडली की दाण्यातली साखर पिठूळ होऊ लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा वाटाणा पहिल्या दिवशीइतका गोड नसतो. वेलीशी उभं राहून सोललेला कोवळा वाटाणा खाऊन पाहा, मग मटार-उसळीत चिमूटभर साखर का टाकावी लागते ते कळेल. आमच्या मुलांनी वाटाणे घरी नेण्यासाठी तोडले आणि पिशवीत काहीच उरलं नाही.

मालकीणबाई फरसबी तोडता तोडता सासूबाईंना म्हणाल्या, "आज्जी, हात कामातला हाय तुमचा. म्हायेर कुटलं?"

"कोरेगाव तालुका."

"म्हंजे घेवड्याची मानसं!"

सासूबाईंचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आम्ही इतक्या लांब आलो ते या तीन शब्दांसाठीच. त्यांच्या माहेरचा वाघ्या घेवडा. दाण्यावर वाघासारखे पट्टे म्हणून हे नाव. त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पुढचा अर्धा तास त्या दोघी वाफ्यात समोरासमोर बसून बोलत होत्या आणि हात चालू होते. फरसबीची शेंग वाकवून बघायची, कट्कन मोडली तर कोवळी, नुसतीच वाकली तर जून. एका हाताने झाड धरायचं, दुसऱ्याने शेंग, नाहीतर झाड हलून मुळं सुटतात. सासूबाई नातवाला हे सांगत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "आमच्याकडे घेवडा असा तोडतच नाहीत. उपटतात."

शेंगा झाडावर वाळू द्यायच्या, पानं पिवळी होऊन गळायला लागली की अख्खं झाड मुळासकट उपटायचं. तेही पहाटे, अंगावर दव असताना. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा हात लावताच तडकतात आणि दाणे रानात सांडतात. सगळी माणसं अंधारात रानात. उपटलेली झाडं खळ्यावर पसरायची, खडखडीत वाळली की काठीने बडवायची, मग वाऱ्यावर उफणायचं. त्यांचे वडील मूठभर शेंगा कानाशी हलवून बघत आणि आवाजावरून सांगत, उद्या उपटायचं की परवा. "कुठल्या दिवशी काढायचं हे ठरवलं की वर्षाचं अर्धं काम झालं, असं दादा म्हणायचे," सासूबाई म्हणाल्या.

मी या घरात आले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातची घेवड्याची उसळ मी असंख्य वेळा खाल्ली आहे, त्यांना माहेरची आठवण काढताना ऐकलं आहे. पण हे खळ्यावरचं, कानाशी हलवलेल्या शेंगांचं कधी निघालं नव्हतं. स्वयंपाकघरात ते निघण्याचं कारणच नव्हतं. त्यासाठी त्यांच्या हातात झाडाची शेंग यावी लागली, आणि समोर ज्याला ते कळतं असं माणूस. शहरात आलेल्या आपल्या आया-आज्यांच्या हातांत अशा किती गोष्टी आहेत. ज्वारीचं कणीस चावून हुरड्याला आलं की नाही ते ओळखणं, चिंचेचं बोटूक वाजवून बघणं, भोपळ्याला नख लावून कोवळेपण पाहणं. विचारलं तर त्या म्हणतात, "त्यात काय सांगायचं?" सांगायचं नसतंच ते. त्यांना रानात न्यायला हवं. मुलांना शेत दाखवायला आपण हौसेने निघतो आणि आजी-आजोबांना गाडीत बसवतो ते घरी एकटे राहू नयेत म्हणून. मला तर वाटतं, क्रम उलटा असावा. न्यायचं त्यांना, आणि सोबत मुलांना.

दुपारी ओसरीवर पिठलं, भाकरी, मेथीची परतलेली भाजी आणि आमच्याच गाजरांची कोशिंबीर. जेवण झाल्यावर भिलारला गेलो. ४ मे २०१७ रोजी हे 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हापासून गावातल्या बऱ्याच घरांत पुस्तकांची कपाटं आहेत आणि कोणीही आत जाऊन वाचत बसावं. लेक एका घराच्या पडवीत जाऊन बसली ती उठेचना. बोटं स्ट्रॉबेरीने लाल, म्हणून त्या घरच्या काकूंनी आधी तिला हात धुवायला पाणी दिलं. अंगणाच्या खाली त्यांचंही शेत, त्यांचाही सकाळी तोडा झालेला.

फळं आम्ही देठासकट, न धुता, पसरट डब्यात एकच थर करून आणली. धुतलं की ओलाव्याने बुरशी लवकर धरते. इतकं करूनही ती दोन दिवसांहून जास्त टिकायची नव्हती, आणि टिकवायचा आमचा विचारही नव्हता. घाट उतरतानाच सासूबाईंनी पिशवीतून फोन काढला आणि कोरेगावला मामांना लावला. शेत अजून त्यांच्याकडेच आहे आणि थोडा का होईना, घेवडा ते अजून पेरतात. मुलांना घेऊन यायचंय, काढणी कधी असते, असं सासूबाईंनी विचारलं. फोन कानाशी असला तरी मामांचा आवाज सगळ्या गाडीला ऐकू येत होता. गणपती उठले की या, ते म्हणाले, पण मुक्कामाला आदल्या रात्रीच या, ऊन चढल्यावर आलात तर उपटायला काही राहायचं नाही. फोन ठेवून सासूबाईंनी मला सांगितलं, सप्टेंबरात मुलांची चाचणी परीक्षा कधी असते ते शाळेत आत्ताच विचारून ठेव.